समोरचा ओटा काढणे

माझे पप्पा खोटं बोलत नाहीत. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतेय. खोटं बोलणारा माणूस कधी ना कधी पकडला जातो. पप्पा पकडलेच जात नाहीत, कारण ते असं बोलतात की ज्याला जे ऐकायचंय तेच त्याला ऐकू येतं. मम्मी म्हणते, "रविवारी मला माहेरी बदलापूरला जायचंय." आजी म्हणते, "रविवारी पावनं येनार हायत, घरात बाई पायजे." पप्पा टॉवेल खांद्यावर टाकून दोघींच्या मधून जातात आणि बाथरूमच्या दारातून म्हणतात, "रविवार ना? होऊन जाईल." दोघी खूश. रविवारी काय व्हायचं ते होतं, आणि पप्पांनी तर कोणाला नाही म्हटलेलंच नसतं.

नाव संतोष, वडिलांचं नाव कोंडाजी, जन्म मोरिवलीतला, आणि आजही मुक्काम तिथेच. आजोबांची भातशेती होती ती एमआयडीसीत गेली. त्या बदल्यात आजोबांना मिळाली गेटवरची खुर्ची आणि शिट्टी. ज्या बांधावर ते खेकडे पकडायचे तिथेच उभे राहून साहेब लोकांच्या गाड्यांना सलाम करायचे. पप्पा डबा घेऊन गेटवर जायचे, तेव्हापासून त्यांना दोन गोष्टी आवडतात: कंपनीची नोकरी आणि गाडीचं दार बंद होतानाचा आवाज. नोकरी मिळाली, स्टोअरकीपरची. गाडी मिळायला केस पिकावे लागले.

स्टोअरमध्ये त्यांनी बोलणं शिकून घेतलं असणार. फिटर खिडकीत तोंड घालून ओरडतो, "साहेब, बेअरिंग आहे का?" पप्पा रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणतात, "येतंय." कुठून येतंय, कधी येतंय, ट्रकमध्ये बसलंय की अजून कारखान्यात वितळतंय, काही नाही. फिटर समाधानाने परत जातो. मी हा सीन गणपतीत मंडळासमोर करून दाखवला होता, तर कंपनीचे लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. पप्पाही हसले होते. मागून मला म्हणाले, "छान केलंस, पण परत करू नकोस." हे वाक्य मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द "काढणे". बघा ना, एका वर्षी कंपनीने नवीन प्लांट काढला आणि त्याच महिन्यात जुन्या प्लांटमधली माणसं काढली. दोन्ही नोटिसा पप्पांनीच बोर्डावर लावल्या, एकाच रंगाच्या टाचण्यांनी. पहिली वाचून लोकांनी पेढे वाटले आणि दुसरी वाचून तेच लोक स्टोअरच्या खिडकीत आले. शब्द तोच. एकदा घडवतो, एकदा मोडतो. पप्पांची नोकरी वाचली, पण हा शब्द त्यांनी तेव्हापासून जपून ठेवला असावा.

आता आमच्या ओट्याबद्दल. स्वयंपाकघरातला नाही, घराच्या समोरचा. दगडाचा, शेणा-मातीचा, मग त्यावर सिमेंट, मग सिमेंटला तडे. त्यावर माझी आजी बसते. भिमाबाई. गुडघ्यांमुळे ती कुठे जात नाही, म्हणून मोरिवली तिच्याकडे येते. पहिली पाळी सुटली की पॅकिंग खात्यातल्या बायका रिक्षातून उतरतात आणि घरी जायच्या आधी आमच्या ओट्यावर पिशव्या ठेवतात. शेजारची अक्षदा सगळ्यात पुढे. ती दिवसभर मशीनवर ओरडून बोलते, त्यामुळे घरीही ओरडूनच बोलते. आजी तिला लांबूनच विचारते, "डबा हलका आनलास का जड?"

"जड आणला आजे. खायला येलच नाय मिलाला."

"मंजी सुपरवायजरशी भांडलीस."

"तुला कोनी सांगला?"

"तुज्या डब्यानी."

मग अर्धा तास नुसता हशा. मम्मी आतून म्हणते, "सुरू झालं आकाशवाणी केंद्र." पण मम्मीलाही गावातली प्रत्येक बातमी तिथूनच कळते.

आजीचं एकच मागणं होतं. ओट्याला तडे गेले, बसलं की टोचतं, पावसात पाणी साचतं. "संतोष, बग, पलीकडच्या मधूनी घराफुडं कसा ओटा काढलाय. तसा आपला पन काढ. वर काला दगड बसव." पप्पा म्हणायचे, "काढू की."

आणि पप्पांनी गाडी घेतली. सेकंडहँड, राखाडी, मागच्या काचेवर आधीच्या मालकाच्या देवाचं स्टिकर. गल्लीत लावायला जागा नाही, म्हणून कंपनीच्या भिंतीशी लावायची. तिथल्या हवेने गाडीच्या टपावर बारीक पांढरे ठिपके पडायला लागले. पप्पा रोज सकाळी ओल्या फडक्याने ते पुसायचे, आणि ते पुसले जात नव्हते. मम्मी म्हणाली, "घरासमोर ती एवढी जागा अडकून पडलीय." कोणती जागा ते ती बोलली नाही. पप्पांना कळलं.

घराचं काम तसंही काढायचंच होतं. (काढायचं, बघा.) बाथरूम गळत होतं, मागच्या खोलीत सामान ठेवायला माळा हवा होता, स्वयंपाकघरातला दगड बदलायचा होता. पप्पा मला घेऊन उल्हासनगरला परसरामकडे गेले. परसराम सिंधी कॉन्ट्रॅक्टर. त्याचं दुकान म्हणजे नळांचं आणि लाद्यांचं प्रदर्शन, आणि मधोमध तो, गुडघ्यावर हिशेबाची पाटी ठेवून.

"साईं, पहले कागज," तो म्हणाला. "मैं एक बार फँस गया हूँ. कस्टमर बोला बाथरूम बदल दो. मैंने पूरा बदल दिया. फिर बोलता है, मैंने तो नल बोला था."

तेव्हापासून तो सगळं लिहून घेतो. काय करायचं, काय नाही करायचं. सामान त्याचं का आपलं. तोडलेला मलबा कोण उचलणार. मध्येच काही वाढवलं किंवा बदललं तर ते परत लिहायचं, त्यावर परत सही, नाहीतर काम हलणार नाही. "और सही मालिक की. घर किसका?"

"आईच्या नावावर आहे."

"तो अम्मा को पूरा पढ़के सुनाना. एक-एक लाइन. बाद में मेरे को किसी का रोना नहीं माँगता."

कागद मराठीत लिहायचा ठरला, आजीला कळावा म्हणून. पप्पांनीच लिहिला, स्टोअरच्या टपोऱ्या अक्षरात. परसराम बोट ठेवून वाचायला लागला. "बाथरूममधील जुनी लादी काढणे. ठीक. मागच्या खोलीत माळा काढणे." बोट थांबलं. "साईं, माळा तो है ही नहीं. जो नहीं है वो कैसे निकालूँ?"

मला एवढं हसू आलं की मी कमोडच्या रांगेमागे गेले.

"निकालना नहीं, बनाना है," पप्पा म्हणाले. "मराठीत माळा काढतात."

"और लादी?"

"लादी पण काढतात."

"वाह. तुम लोग एक ही हथौड़ा रखते हो सब के लिए." त्याने पप्पांकडून माळ्याच्या आधी "नवीन" लिहून घेतलं. मग पुढची ओळ. "समोरचा ओटा काढणे. अब ये कौन सा काढणे है? लादीवाला कि माळावाला?"

पप्पांनी मागे वळून बघितलं. मी कमोडमागे होते. मग ते हळू म्हणाले, "लादीवाला."

"तो तोडणे लिखो ना."

"काढणे बरोबर आहे. मराठी आहे ते."

"पक्का?"

"लिहिलंय ना."

परसरामने खांदे उडवले. मराठी त्याची नव्हती, पप्पांची होती.

घरी आल्यावर पप्पांनी आजीसमोर कागद उघडला, तिथेच, ओट्यावर. आजी पाय सोडून बसलेली, पप्पा उकिडवे तिच्या समोर. त्यांनी एक-एक ओळ वाचली. लादी काढणे, तेव्हा कागद नुसता वाचला. नवीन माळा काढणे, तेव्हाही. आणि "समोरचा ओटा काढणे" म्हणताना त्यांचा डावा हात कागद सोडून खालून वर गेला. सावकाश, तळवा सपाट, जसं कोणी लहान मुलाची उंची दाखवतं तसा. कागदावर हात कुठेच लिहिलेला नव्हता.

आजीचं तोंड खुललं. "कवरा काढशील?"

"आहे तेवढा सगळा."

"आनि काला दगड?"

"दगड आणणारच आहे तो." ते खरंच होतं. काळा दगड स्वयंपाकघरात लागणार होता. मग शेवटची ओळ, ‘समोर उतार देणे’, ती आजीने पावसाच्या पाण्यासाठीची धरली.

आजीने अंगठा दिला. शाईचा अंगठा लुगड्याला पुसला आणि दोन्ही हात पप्पांच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. काडकाड वाजली. पप्पा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं लाजले.

स्वयंपाकघरात मी मम्मीला सगळा कार्यक्रम करून दाखवला. आधी परसराम, मग आजी, मग पप्पांचं वाचन, हातासकट. मम्मी भाकरी थापत होती. परसरामला हसली. हाताला हसली नाही.

"तो हात तू लावलास की त्यांचा?"

"त्यांचाच."

"परत कर."

मी परत केलं. तव्यावरची भाकरी काळी झाली. मम्मीने पप्पांना आत बोलावलं आणि मला बाहेर काढलं, पण आमच्या घरात बाहेर म्हणजे पडद्याच्या पलीकडे.

"आईंना काय वाचून दाखवलंत?"

"लिहिलंय तेच."

"आणि हात कोणी लिहिला होता?"

पप्पा म्हणाले, "जागा अडलीय असं तूच म्हणाली होतीस ना, शलाका."

"म्हणाले होते. मला गाडी दारात हवी होती. हे असं नको होतं."

"सांगतो मी तिला. एक-दोन दिवसांत."

"मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

मम्मीनेही मग आजीला सांगितलं नाही. तिला गाडी दारात हवीच होती ना.

तिथून पप्पांचं जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. कंपनीतून येताना आजीसाठी मऊ चपला. आजी कुठे जाते? उल्हासनगरहून कुरकुरीत डाळपकवान. आजीला दात कुठेत? सकाळचा चहा स्वतः करून ओट्यावर नेऊन द्यायचे, आणि कप देऊन लगेच पळायचे, जणू ओटा तापलेला असावा. आवाजही बदलला. एरवी "आई, जेवलीस?" असं सरळ. आता "आई, तू जेवून घेतेस का गं, की मी थांबू?" या आवाजाची नक्कल करायला गेले तर ती मला जमेना. तो आवाज घशातून येतच नव्हता, कुठून तरी खालून यायचा. रोज ते ओट्यापर्यंत जायचे, "आई" म्हणायचे, आजी म्हणायची "काय रं?" आणि ते म्हणायचे, "काही नाही. दमलीस का?"

"बसून कशी दमीन?"

आजी तिकडे अख्ख्या गावाला सांगून मोकळी झाली होती. संतोष नवा ओटा काढतोय. कागदावर लिहिलाय, वाचून दाखवलाय. काला दगड. अक्षदाने तर स्वतःची जागाही धरून ठेवली, खांबाच्या बाजूची, पाठ टेकायला.

काम सुरू झालं त्या दिवशी परसराम स्वतः आला, सोबत त्याचा मुकादम बबन आणि दोन माणसं. आणि बघतात तर काय, ओट्यावर हळदकुंकू वाहिलेलं, फुलं, आणि आजी हातात नारळ घेऊन उभी. काम सुरू करायच्या आधी नारळ फोडतातच. पण पाडायच्या कामाला कोणी फोडत नाही. परसरामने पप्पांकडे बघितलं. "साईं, तोड़ने के पहले पूजा?"

पप्पा म्हणाले, "आईची श्रद्धा."

आजीने ओट्याच्या कडेवर नारळ आपटला. एका फटक्यात फुटला. तिने पहिला तुकडा पप्पांच्या तोंडात घातला. मग बबनला म्हणाली, "तोड आता. जुना तोडल्याबिगर नवा कसा काढशील."

बबनने घण उचलला.

मला तेव्हा कळलं की पप्पांचा शब्द किती पक्का बसला होता. पाडतानाही तो उघडा पडला नाही. आजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून स्वतःचा ओटा पडताना बघत होती आणि सांगत होती, "तो कोपरा दमानी, तितं मोटा दगड हाय, माज्या सासऱ्यानी बसवलेला." माणसं तोडत होती, मलबा पोत्यात भरत होती, आणि पप्पा खोबऱ्याचा तोच तुकडा तोंडात धरून उभे होते. चावत नव्हते. गिळतही नव्हते.

जागा साफ झाली. बबनने दोरी बांधली, रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत तिरकी.

आजी म्हणाली, "अरं, ही दोरी वाकडी लावलीस. ओटा सपाट पायजे. उंची ही एवरी ठेव, पाय लटकले पायजेत."

बबनने दोरीकडे बघितलं, मग कागदाकडे, मग आजीकडे. "आजी, उंची कसली? इथं उतार आहे. गाडी चढायला."

"कोनाची गाडी?"

बबन पप्पांकडे बघायला लागला. परसराम चहा पीत होता, त्यानेही कप खाली केला. "मैंने पूछा था," तो कोणाला तरी म्हणाला. "लादीवाला कि माळावाला."

आजी म्हणाली, "संतोष, हा काय बोलतंय?"

"आई, त्याचं म्हणणं असं आहे की…"

"त्याचा नको. तुजा सांग. ओटा बांदतोस का नाय बांदत?"

पहिल्यांदाच कोणीतरी पप्पांना असा प्रश्न विचारला होता ज्याला "होऊन जाईल" चालत नाही. पप्पांनी खोबरं गिळलं. "नाही बांधत."

"पन तू वाचून दाखवलास."

"मी काढणे वाचलं, आई. काढणे म्हणजे पाडणे पण होतं."

आजी चिडली नाही. "मना वाचाया येत नाय, संतोष. मी कागद बगितलाच नाय. मी तुजा हात बगीत होते."

ती उठली, भिंतीला धरून आत गेली. पप्पांनी बबनला हाताने थांबायची खूण केली, आणि तो हात वर गेलेला बघून स्वतःच खाली घेतला.

पहिली पाळी सुटली. रिक्षा थांबल्या. बायका पिशव्या घेऊन आल्या आणि ठेवायला जागाच नाही. अक्षदा ओरडली, "आजे, ओटा कुठं गेला? आनि ही दोरी कसली तिरपी?"

आजी दारात येऊन उभी राहिली. बसायला काही नव्हतं. "मीच सांगितला पाडाया," ती म्हणाली.

"तू? तूच ना काल काला दगड काला दगड करीत होतीस?"

"मी काय पन बोलते. म्हातारी झाले. माजे गुडघे चढतात का ओट्यावर? नि पोरानी गाडी घेतलीय, ती कुठं ठेवील? मीच म्हटला, पाड."

इतकं सरळ, इतकं बिनचूक खोटं मी आमच्या घरात कधीच ऐकलं नव्हतं. कुठे अडखळणं नाही, आवाजात खालीवर नाही. बायकांतली एक म्हणाली, "बरा केलास. पोरांचा बगायला पायजे." आणि आजीने मान हलवली.

पप्पा आत होते, पडद्यामागे. मम्मी त्यांच्याकडे बघत होती. ते बाहेर आले. चपला न घालता, मलब्यावरून.

"आई खोटं बोलतेय," ते म्हणाले. "मी पाडला. तिला नवीन बांधतोय असं वाटू दिलं आणि अंगठा घेतला."

रिक्षावाला निघणार होता, तोही थांबला. आजी म्हणाली, "गप रं. गावासमोर कशाला?"

"गावासमोरच सांगितलं होतंस ना तू, मी बांधतोय म्हणून."

अक्षदा म्हणाली, "मंग आता काय करतोस, संतोषदादा?" आज ती ओरडली नाही.

"बांधतो."

"मी मागितला नाय," आजी म्हणाली.

"मी बांधतो म्हणतोय, आई. ओटा. सपाट. पाय लटकतील एवढा."

आजीने त्यांच्याकडे बघितलं. "लिवून दे."

परसराम लगेच उठला. हे त्याच्या आवडीचं वाक्य होतं. "बदल है ना? तो नया लाइन, नया अँगूठा. और साईं, मेहरबानी, सीधा मराठी." पप्पांनी परसरामच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं. समोर नवीन ओटा बांधणे. दगडी, वर काळा दगड. उतार करणे नाही. गाडी लावणे नाही. लिहिताना इतकं दाबलं की परसराम म्हणाला, "साईं, चमड़ी पे नहीं, कागज पे."

कोणी हसलं नाही.

पप्पा कागद घेऊन आजीसमोर आले, उकिडवे बसले, आणि वाचायला तोंड उघडलं. आजीने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तू नको. अक्षदा वाचील."

मी पुढे झाले. "आजी, मी वाचते ना."

"तू बी त्याचीच," आजी म्हणाली आणि कागद अक्षदाकडे दिला.

अक्षदाने पिशवी खाली ठेवली आणि मशीनवरच्या आवाजात, एकेक शब्द फोडून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीनंतर आजी विचारायची, "मंजी?" आणि अक्षदा सांगायची. पप्पा तिथेच मलब्यात बसलेले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि आपणच लिहिलेला प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते. शेवटच्या ओळीनंतर आजीने शाईची डबी मागितली. ती पप्पांनी पुढे केली. आजीने हात पुढे केला नाही; अक्षदाने ती पप्पांकडून घेतली, तेव्हा आजीने ती अक्षदाच्या हातातून घेतली.